शिडी न चढता केलेली सही

विमानाच्या देखभालीचे काम संपले की कागदावर शेवटी एक छापील मजकूर असतो. ठरलेले काम नियमांप्रमाणे पार पडले आहे आणि त्या कामापुरते हे विमान सेवेत सोडण्यास योग्य आहे, एवढाच त्याचा अर्थ. खाली तारीख, वेळ, परवाना क्रमांक, शिक्का आणि सही. ही सही करण्याचा अधिकार आपल्या देशात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना असलेल्या आणि कंपनीने त्या कामासाठी नेमलेल्या अभियंत्याला असतो. हॅंगरमध्ये त्याला सगळे एएमई म्हणतात. त्याची सही होत नाही तोवर वैमानिक, हवाई सुंदरी, भरलेले इंधन आणि रांगेत उभे असलेले दीडशे-दोनशे प्रवासी, सगळे थांबलेले असतात.

मी एकतीस वर्षे ही सही केली. आता निवृत्त आहे, आणि जे लिहितो आहे ते माझ्या मागून आलेल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्याकडून काम करून घेणाऱ्या वरिष्ठांसाठी लिहितो आहे.

या सहीच्या मुळाशी असलेला एक शब्द आपल्याकडे जुना आहे: समक्ष. पंचनाम्यात लिहितात, 'आम्हा पंचांसमक्ष'. अक्ष म्हणजे डोळा. माझ्या डोळ्यांपुढे घडले, मी पाहिले, म्हणून सही केली. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' अशी मुद्रा उमटवत असत. मजकूर इथे संपला, याखाली कोणी एक अक्षर वाढवू नये, असा तिचा धाक. लिहिलेल्या शब्दाची हद्द राखणारी ही आपली परंपरा आहे. आणि कोऱ्या पंचनाम्यावर पंचांच्या सह्या घेऊन मजकूर मागाहून भरण्याची सवयही आपल्याच गावांतली आहे. दोन्ही आपल्याच. विमानाच्या कागदावर सही करणारा माणूस रोज रात्री या दोघींपैकी एकीची निवड करत असतो.

मी एकदा चुकीची निवड केली. जुलै महिना, सांताक्रूझची रात्रपाळी, बाहेर धो धो पाऊस. विमानाच्या शेपटीत वर हायड्रॉलिकची एक नळी बदलली होती. हॅंगरमध्ये जागा नव्हती म्हणून विमान उघड्यावर. काम केले होते आमच्या पाळीतल्या सर्वांत जाणत्या तंत्रज्ञाने. त्यांना आम्ही नाना म्हणायचो. माझ्या वडिलांच्या वयाचे, हात सोन्याचे. मी शिडीकडे निघालो तर म्हणाले, "साहेब, कशाला भिजताय? मी दोनदा बघितलंय. करा सही." मी शिडीच्या पहिल्या पायरीवरून पाय काढला आणि सही केली. पहाटे विमान गेले, संध्याकाळी परत आले. काहीही झाले नाही.

काही झाले नाही, याचाच मला पुढे त्रास झाला. दुसऱ्यांदा तसे करायला मन कमी कचरले. तिसऱ्यांदा कचरलेच नाही. मग एका रात्री, दुसऱ्याच एका कामावर, का कोण जाणे, वर चढलो. एका नटाला लॉकवायर घातलेली नव्हती. नट घट्ट होता, पण तार नव्हती, आणि तार नसलेला नट हादऱ्यांनी आज ना उद्या सैल होतो. ज्याने काम केले तो मुलगा प्रामाणिक होता. मध्येच त्याला दुसऱ्या विमानाकडे बोलावून नेले होते आणि परत आल्यावर तार घातली असे त्याला मनापासून वाटत होते. खाली उतरलो तेव्हा माझे पाय लटपटत होते. त्या नटामुळे नव्हे. आधीच्या तीन सह्यांमुळे.

हे सगळे मी नानांना सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या रात्री तुम्ही वर चढायला हवं होतं. मला वाईट वाटलं नसतं. वाटलं असतं तरी चढायला हवं होतं."

हे शेवटचे वाक्य मला आपल्या सगळ्यांपुढे ठेवायचे आहे. आपल्याकडे तपासणी म्हणजे अविश्वास, असा समज खोल रुजला आहे. "माझ्यावर भरवसा नाही का?" हा प्रश्न आपण घरात, बँकेत, बांधकामावर, सगळीकडे विचारतो, आणि समोरचा ओशाळतो. वयाचा मान, ओळखीची भीड, एका डब्यातून खाल्लेले जेवण, यांच्यापुढे तपासणाऱ्याचे डोळे झुकतात. या भिडेला आपण माणुसकी म्हणतो. पण ज्या माणसांच्या जिवावर ही भीड पोसली जाते ती तिथे हजर नसतात. ती सकाळी येतात, बोर्डिंग पास दाखवतात आणि आत बसतात.

अमेरिकेतला एक अपघात मी शिकाऊ मुलांना नेहमी सांगत असे, कारण त्यात एकही दुष्ट माणूस नाही. ११ सप्टेंबर १९९१. कॉन्टिनेन्टल एक्सप्रेसचे दोन पंख्यांचे एम्ब्रेअर १२० जातीचे छोटे विमान टेक्सासमधल्या लरेडोहून ह्यूस्टनला चालले होते. खाली उतरू लागले असताना ईगल लेक गावाजवळ हवेतच मोडले. तीन कर्मचारी आणि ११ प्रवासी, सगळे १४ जण गेले. अवशेष तपासले तेव्हा कळले, की शेपटीच्या आडव्या पंखाची डावीकडची पुढची कड उडून गेली होती, आणि ती वरच्या बाजूने धरून ठेवणारे ४७ स्क्रू जागेवर नव्हतेच. मोडले नव्हते, तुटले नव्हते. आदल्या रात्री काढलेले होते आणि परत लावलेले नव्हते.

आदल्या रात्री ह्यूस्टनच्या हॅंगरमध्ये काय घडले? थंडी येण्याआधी शेपटीच्या कडेवरची बर्फ झटकणारी रबरी आवरणे बदलायची होती. संध्याकाळच्या पाळीने काम सुरू केले. शेपटी उंच, काम किचकट. त्या पाळीचा निरीक्षक, म्हणजे ज्याने हे काम तपासायचे तो माणूस, मदत करायला म्हणून स्वतः वर चढला. उजव्या बाजूचे वरचे स्क्रू त्याने काढले, मग पलीकडे जाऊन डाव्या बाजूचेही काढले. कामसू माणूस. कोणाच्याही पाळीत असावा असा. मग पाळी बदलली. काढलेल्या स्क्रूंची नोंद कामाच्या कार्डावर नव्हती. तोंडी निरोप ज्याच्यापर्यंत पोचायला हवा होता त्याच्यापर्यंत पोचला नाही. रात्रीच्या पाळीने वेळेचा हिशेब केला आणि आज फक्त उजवी बाजू उरकू, डावी नंतर पाहू, असे ठरवले. विमान हॅंगरच्या बाहेर काढले गेले. उजवी कड पूर्ण बसली. डावीकडे कोणी हातच लावलेला नाही, असे सगळ्यांना वाटत होते. सकाळी जमिनीवरून शेपटीचा माथा वैमानिकांना दिसणे शक्यच नव्हते. विमान आधी ह्यूस्टनहून लरेडोला जाऊन सुखरूप उतरले. परतीच्या फेरीत मोडले.

ज्या क्षणी निरीक्षकाने स्क्रूड्रायव्हर हातात घेतला त्या क्षणी त्या विमानाला निरीक्षक उरला नाही. त्याने मदत केली हे आपल्याला चांगले वाटते. माझ्या पाळीत मीही अशा माणसाची पाठ थोपटली असती. पण ज्याने काम केले त्याच्या मनात काम झाल्याचे चित्र आधीच तयार असते, आणि डोळे त्या चित्रालाच दुजोरा देतात. म्हणूनच अतिमहत्त्वाच्या कामांवर करणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा असा नियम जगभर आहे, आपल्याकडेही आहे. नियम करणाऱ्यांनी माणसाला खोटारडे मानले म्हणून तो केला नाही. माणसाचे डोळे त्याच्या हातांचे नातेवाईक असतात, हे ओळखून केला.

त्या अपघाताच्या चौकशी अहवालात आणखी एक गोष्ट आहे, आणि आपल्या व्यवस्थापकांनी ती भिंतीवर लावावी. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने देखभाल आणि तपासणी करणाऱ्या कर्मचाऱ्यांनी कार्यपद्धती पाळली नाही, हे अपघाताचे कारण ठरवले. व्यवस्थापन आणि सरकारी देखरेख यांच्या त्रुटी त्यात साहाय्यक म्हणून आल्या. मंडळाचे एक सदस्य जॉन लाउबर यांनी त्याला लेखी असहमती नोंदवली. त्यांचे म्हणणे असे, की एका रात्रीत इतक्या माणसांच्या हातून इतक्या पायऱ्या सुटतात तेव्हा तो माणसांचा अपघाती विसराळूपणा नसतो. कार्यपद्धती पाळण्याला उत्तेजन देणारी आणि ती पाळायला लावणारी संस्कृती व्यवस्थापनाने उभी केली नाही, हेच मुख्य कारणांत लिहिले पाहिजे. त्या वेळी ते एकटे पडले. पुढे विमान सुरक्षेच्या विचारात त्यांच्या त्या असहमतीला मोठे स्थान मिळाले.

म्हणजे सही करणारा सुटतो का? मुळीच नाही. इथे मला दोन्ही बाजूंच्या मित्रांशी भांडायचे आहे. व्यवस्थापन म्हणते, सही ज्याची जबाबदारी त्याची. कामगार संघटनेतले माझे काही मित्र म्हणतात, वरून दबाव होता, सही करणाऱ्याचा काय दोष. दोघेही अर्धे बोलतात. मी शिडी चढलो नाही त्या रात्री मला कोणी धमकावले नव्हते. माझा आळस आणि माझी भीड, दोन्ही माझीच होती. पण त्याच रात्री विमान उघड्यावर का होते, हॅंगरमध्ये जागा का नव्हती, एका अभियंत्याकडे किती विमाने होती, हे मी ठरवले नव्हते. ते ठरवणाऱ्याची सही कुठल्याच कागदावर नव्हती.

तपासणाऱ्यानेच कामात हात घातल्याचा आणखी एक अपघात असा. ८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेतल्या शार्लट विमानतळावरून एअर मिडवेस्टचे बीचक्राफ्ट १९००डी जातीचे विमान उडाले आणि जेमतेम ३७ सेकंदांत कोसळले. २१ जण गेले. विमानाचे नाक वरखाली करणाऱ्या एलिव्हेटरच्या तारा दोनच दिवसांपूर्वी हंटिंग्टन इथल्या देखभाल केंद्रात ताणून बसवल्या होत्या. काम कंत्राटी माणसांनी केले. ज्या तंत्रज्ञाने ते केले त्याने या जातीच्या विमानावर ते पूर्वी कधी केले नव्हते, म्हणून निरीक्षक त्याला शेजारी उभा राहून शिकवत होता. शिकवता शिकवता पुस्तकातल्या काही पायऱ्यांची इथे गरज नाही असे त्याने ठरवले, आणि मग त्याच कामाची तपासणीही त्यानेच केली. तारांचा ताण जुळवणारे टर्नबकल चुकीचे बसले होते. नाक खाली आणण्याची एलिव्हेटरची हालचाल जवळजवळ निम्म्यावर आली होती. वगळलेल्या पायऱ्यांमध्येच ही चूक पकडली गेली असती. त्यात विमानाचे वजन मोजण्याची पद्धत जुनी, त्या दिवशी मागचा भाग जड. नाक वर गेले ते खाली आणता आले नाही.

दुरुस्तीनंतर हे विमान नऊ वेळा उडाले होते. नऊ वेळा काही झाले नाही.

शिक्षकाने स्वतःच्या विद्यार्थ्याचा पेपर तपासायला कोणाची हरकत नसते. पण पेपर लिहिताना ज्याने उत्तरे सांगितली त्यानेच तो तपासला तर त्या गुणांना काय अर्थ? शिकवण्याचे काम पवित्र आहे, तपासण्याचेही आहे. एका रात्री एकाच माणसाकडून दोन्ही करून घेणे ही काटकसर महाग पडते.

एकट्याने सगळे उरकणाऱ्या कर्तबगार माणसाची गोष्ट इंग्लंडमधली आहे. जून १९९०, बर्मिंगहॅम. ब्रिटिश एअरवेजच्या बीएसी वन-इलेव्हन विमानाची वैमानिकासमोरची काच बदलायची होती. रात्रपाळीत माणसे कमी, म्हणून पाळीचा व्यवस्थापकच स्वतः कामाला लागला. नियमपुस्तिकेतला क्रमांक नीट पाहण्याऐवजी त्याने जुना बोल्ट हातात धरून त्यासारखे दिसणारे नवे बोल्ट निवडले. भांडारातल्या माणसाने या काचेला कुठले बोल्ट लागतात ते त्याला सांगितले होते. ते ऐकले गेले नाही. मग कमी उजेडात, खणांतून, वाचायचा चष्मा न लावता निवड झाली. काचेला ९० बोल्ट लागतात. त्यांतले ८४ जाडीने इंचाचे ०.०२६ एवढे बारीक होते, म्हणजे एक मिलिमीटरही नाही. उरलेले सहा आखूड होते. काच बाहेरून बसवायची, आणि तो चबुतऱ्यावरून वाकून काम करत असल्याने बोल्ट नीट बसत नाहीत हे त्याच्या स्वतःच्याच शरीराआड झाकले गेले. ही काच दुहेरी तपासणीच्या यादीत नव्हती. ज्याने काम केले त्यानेच सही केली.

१० जूनला विमान मालागाकडे निघाले. १७,३०० फुटांवर काच उडाली आणि कप्तान टिम लँकेस्टर कमरेपर्यंत खिडकीबाहेर ओढले गेले. कर्मचाऱ्यांनी त्यांचे पाय धरून ठेवले, सहवैमानिक अॅलिस्टर अॅचिसन यांनी विमान साउदॅम्प्टनला उतरवले. कप्तान वाचले, काही महिन्यांत पुन्हा विमान चालवू लागले. विमानातली ८७ माणसे, सगळी घरी गेली.

त्या व्यवस्थापकाची कामाची नोंद चांगली होती, हेही अहवालात आहे. मला या साऱ्यात सर्वांत जास्त आठवतो तो भांडारातला माणूस. त्याला बरोबर माहीत होते, त्याने सांगितलेही. पण तो भांडारातला. आपल्याकडे तर हे अंतर आणखी लांब आहे. स्टोअरमधल्या माणसाचे, हेल्परचे, शिकाऊ पोराचे म्हणणे साहेबाने थांबून ऐकावे, ही आपल्या हॅंगरांत, आणि हॅंगरबाहेरही, अजून मुश्किलीने घडणारी गोष्ट आहे. जातीने, पदाने आणि इंग्रजीने आपण माणसांची तोंडे बंद केली आहेत. विमानाच्या बोल्टला यातले काही कळत नाही.

बर्मिंगहॅमच्या त्या काचेची आणखी एक बाजू आहे. काढलेल्या जुन्या काचेचे बोल्टही नेमलेल्या मापाचे नव्हते, आखूड होते, आणि ती काच त्यांच्यावर वर्षानुवर्षे टिकून होती. जुन्याशी जुळते म्हणून बरोबर, या समजुतीला तिथेच आधार मिळाला. चालले आहे ना, मग बरोबरच असणार. जपान एअरलाइन्सच्या १२३ क्रमांकाच्या उड्डाणाचे विमान याच समजुतीवर सात वर्षे उडत होते. १९७८ मध्ये ओसाकाला उतरताना त्याची शेपटी धावपट्टीला घासली. केबिनमधल्या हवेचा दाब अडवणारी मागची घुमटाकार भिंत विमान बनवणाऱ्या बोइंग कंपनीच्याच माणसांनी दुरुस्त केली. तिथे एक अखंड जोडपट्टी हवी होती. ती दोन तुकड्यांत बसवली गेली, आणि जिथे भार रिव्हेटच्या दोन ओळींनी वाटून घ्यायचा तिथे तो एकाच ओळीवर आला. कागदांवर सह्या झाल्या. त्यानंतर बारा हजारांहून अधिक उड्डाणे झाली, मोठ्या तपासण्या झाल्या, प्रत्येक तपासणीनंतर सह्या झाल्या. १२ ऑगस्ट १९८५ रोजी ती भिंत फुटली, शेपटी गेली, आणि गुन्मा प्रांतातल्या डोंगरात ५२० माणसे मेली. चौघे वाचले. एकाच विमानाच्या अपघातात इतकी माणसे त्याआधी आणि त्यानंतरही कधी गेलेली नाहीत.

आधीच्या सहीवर विसंबून केलेल्या प्रत्येक पुढच्या सहीने ती चूक आणखी पक्की केली. दोन सह्या म्हणजे दोन माणसांची नजर, असे आपण धरून चालतो. पण दुसऱ्याने पहिल्याचे नाव पाहून सही केली, आणि पहिल्याने 'दुसरा बघेलच' म्हणून केली, तर कागदावर दोन सह्या असतात आणि विमानावर एकही नजर नसते.

आणि हे विमानापुरते नाही. १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पादचारी पूल कोसळला. त्याची संरचनात्मक तपासणी आधीच झालेली होती आणि त्या अहवालात तो किरकोळ दुरुस्तीच्या पुलांत गणला होता. घरी निघालेली माणसे त्यात गेली. आपल्या इमारतींच्या लिफ्टमध्ये, शाळेच्या बसमध्ये, रुग्णालयातल्या आग विझवण्याच्या नळकांड्यावर तपासणीच्या तारखा आणि सह्या असतात. त्यांतल्या किती समक्ष आहेत, हे विचारण्याची वेळ माणसे मेल्यावरच का यावी?

काय करता येईल, ते मी माझ्या क्षेत्रापुरते सांगतो. बाकीच्यांनी आपापले पाहावे.

पाळी बदलताना दोन्ही पाळ्या निदान अर्धा तास एकत्र विमानासमोर उभ्या राहिल्या पाहिजेत, आणि त्या अर्ध्या तासाचा पगार मिळाला पाहिजे. उघडलेला प्रत्येक स्क्रू कार्डावर आला पाहिजे, काम अपुरे असले तरी, किंबहुना अपुरे असले तर जास्तच. ईगल लेकची १४ माणसे या अर्ध्या तासासाठी गेली. ज्या निरीक्षकाने कामाला हात लावला, सल्ला दिला किंवा शिकवले, त्याने ते काम तपासू नये. दुसरा माणूस त्या रात्री उपलब्ध नसेल तर विमान थांबावे. रात्री तीन वाजता दमलेल्या अभियंत्याने "मला आता दिसत नाही, मी सही करणार नाही" असे म्हटले तर तो त्याचा दोष मानला जाऊ नये. वैमानिकांच्या विश्रांतीच्या तासांवर वर्तमानपत्रांत अग्रलेख येतात, आणि यायलाच हवेत. शेपटीवर चढणाऱ्याच्या झोपेवर एखादा तरी यावा.

चूक करणारा आणि खोटे लिहिणारा यांत फरक करायला आपण शिकलो पाहिजे. ज्याने तार विसरली आणि कळल्यावर स्वतः येऊन सांगितले त्याला शिक्षा केली, तर उद्या कोणीही सांगायला येणार नाही. पण न पाहता 'पाहिले' असे लिहिणे ही चूक नव्हे, ती खोटी साक्ष आहे. विमान सुखरूप परतले तरी ती खोटी साक्षच राहते. माझ्या त्या रात्रीच्या सहीला मी दुसरे नाव देऊ शकत नाही.

आणि माझी एक मागणी अशी आहे, जी कंपन्यांना आवडणार नाही. प्रत्येक देखभाल संस्थेत 'अकाउंटेबल मॅनेजर' नावाचे पद नियमानेच असते. पुरेशी माणसे, साधने आणि वेळ देण्याची जबाबदारी त्याची. जेव्हा जेव्हा माणसांअभावी एखादी स्वतंत्र तपासणी पुढे ढकलली जाते, तेव्हा ती ढकलण्याच्या निर्णयावर त्या पदाच्या माणसाची सही, नावानिशी, वेळेनिशी, त्याच कागदावर असावी. ज्याने घाई ठरवली तोही साक्षीदार झाला पाहिजे. असे झाले तर किती तपासण्या पुढे ढकलल्या जातील, ते मला पाहायचे आहे.

लोक मला म्हणतात, विमान प्रवास मुळात इतका सुरक्षित आहे, मग एवढा काथ्याकूट कशाला? तो सुरक्षित आहे हे खरेच आहे. पण ती सुरक्षितता आकाशातून पडलेली नाही. सांताक्रूझ, नागपूर, ओझर, दाबोळी, जिथे जिथे विमानांवर आपली माणसे काम करतात तिथे रोज रात्री कोणी तरी भिजत शिडी चढते, म्हणून ती आहे. त्यांची नावे कुठे छापून येत नाहीत. मी जिथे काम केले तिथे विमान वेळेवर सोडणाऱ्याला बक्षीस मिळायचे. विमान थांबवणाऱ्याला 'का थांबवले' याचे लेखी उत्तर द्यावे लागायचे. मी दोन्ही घेतली आहेत, बक्षीसही आणि लेखी उत्तरेही. मुलांना दाखवण्यासाठी मी जपून ठेवली ती उत्तरे.

वाचकांनो, तुमच्याकडेही एक मागणे आहे. पुढच्या वेळी 'तांत्रिक कारणाने विलंब' अशी घोषणा होईल तेव्हा काउंटरवरच्या मुलीवर ओरडू नका. तुमचा तो आवाज काउंटरवरून ड्युटी मॅनेजरकडे जातो, तिथून फोनवर हॅंगरमध्ये येतो, आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवलेल्या माणसाच्या कानापर्यंत पोचतो. मी तो फोन अनेकदा घेतला आहे. त्या माणसाला वर जाऊ द्या.